पाकीट कुठे आहे? पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात पुरावा कसा जमवावा

आर्टिकलशिपच्या (सनदी लेखापालाच्या हाताखालील उमेदवारीच्या) दुसऱ्या वर्षी एका पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात बँक शिलका आणि मुदत ठेवी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. संस्थेने एका बँकेत ठेवलेल्या ठेवींची खात्री करून घेण्यासाठी मी त्या बँकेच्या नावे पत्र तयार केले आणि टपाल कार्यालय संस्थेच्या लेखापालांच्या घराच्या वाटेवर असल्यामुळे ते त्यांच्याच हाती दिले. आठ दिवसांनी बँकेच्या शिक्क्याचे, शाखाधिकाऱ्यांच्या सहीचे उत्तर माझ्या टेबलावर आले. रक्कम खतावणीशी (खातेवार नोंदींच्या वहीशी) रुपयापर्यंत जुळत होती. मी ते फाइलला लावून सरांपुढे ठेवले. त्यांनी उत्तर वाचले, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारले, “पाकीट कुठे आहे?” पाकीट नव्हते. उत्तर लेखापालांनी स्वतः आणून दिले होते. सरांनी त्याच दुपारी नवे पत्र तयार करवून घेतले, मला ते स्पीड पोस्टाने पाठवायला लावले आणि उत्तरासाठी आमच्या कार्यालयाचा पत्ता दिला. या वेळी आलेल्या उत्तरात ठेवीची रक्कम तीच होती, पण खाली एक ओळ जास्त होती: या ठेवीच्या तारणावर संस्थेने कर्ज घेतलेले असून ते येणे बाकी आहे. संस्थेच्या ताळेबंदात त्या कर्जाचा मागमूस नव्हता.

पुढे स्वतःच्या सहीने अहवाल देऊ लागल्यावर मला उमगले की सरांचा तो प्रश्न जितका पुराव्याविषयी होता तितकाच सचोटीविषयी होता. व्यावसायिक नीती आणि पुरावा हे अभ्यासक्रमात दोन निराळे धडे असतात. प्रत्यक्ष कामात मात्र ज्या क्षणी आपण स्वतःची किंवा संस्थेची सोय पाहू लागतो, त्याच क्षणी पुरावा कच्चा पडतो. म्हणून येथे दोन्ही गोष्टी एकत्रच घेतल्या आहेत. उदाहरण महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थेचे घेतले आहे, कारण बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत असलेले ठेव विमा महामंडळाचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नसते, आणि तिथला ठेवीदार बहुधा लहान दुकानदार, निवृत्त शिक्षक किंवा रोजच्या कमाईतून पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची ठेव) भरणारी भाजीवाली असते. त्यांना तिजोरी उघडून पाहता येत नाही. ती त्यांच्या वतीने आपण लेखापरीक्षक पाहतो.

काम स्वीकारण्याआधी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार संस्थेचे लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हावे लागते, आणि लेखापरीक्षकाची नेमणूक नामतालिकेतून (लेखापरीक्षकांच्या मान्यताप्राप्त यादीतून) सर्वसाधारण सभेने करायची असते. म्हणून पहिला पुरावा आपल्या स्वतःच्या नेमणुकीचा तपासावा. अध्यक्षांनी फोनवर “या वर्षी तुम्हीच करून टाका” असे म्हणणे ही नेमणूक होत नाही. सभेचे इतिवृत्त मागवून घ्यावे आणि ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकांची नावे व उपस्थितांच्या सह्या पाहाव्यात. दोन ठरावांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात बसवलेला ठराव दिसला, तर तेवढ्यावरूनच संस्थेत कागद कसे तयार होतात याचा अंदाज येतो.

आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवल्याशिवाय काम स्वीकारणे हे सनदी लेखापालासाठी चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार गैरवर्तन ठरते. हे पत्र अनेक जण उपचार म्हणून पाठवतात आणि पोच फाइलला लावून मोकळे होतात. माझ्या मते ते पत्र म्हणजे पुरावा गोळा करण्याची पहिली मोठी संधी असते. पत्र पाठवावेच, शिवाय भेट मागावी, त्यांचे काम का थांबले हे विचारावे आणि त्यांच्या अहवालातील कोणत्या मुद्द्यावरून संचालक मंडळाशी मतभेद झाला होता हे समजून घ्यावे. ज्या संस्थेत दर वर्षी लेखापरीक्षक बदलतो, तेथे मागील तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचल्याखेरीज संमती देऊ नये.

त्यानंतरचे प्रश्न स्वतःला विचारायचे असतात आणि त्यांची उत्तरे लिहूनही ठेवायची असतात. या संस्थेत माझे, पत्नीचे किंवा पतीचे, भावाचे कर्ज आहे का? मी कोणाला जामीन आहे का? संचालकांत कोणी नातलग किंवा भागीदार आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर काम नम्रपणे नाकारावे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात हे खरे. पण ओळख असणे वेगळे आणि हितसंबंध गुंतलेले असणे वेगळे.

तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत जास्त वेळा पडणारा मोह याहून साधा दिसतो. लेखापाल म्हणतात, “साहेब, तेरीज जुळत नाही हो, तुम्हीच बसून एकदा जुळवून द्या.” तेरीज म्हणजे सर्व खात्यांच्या जमा व नावे शिलकांचा तक्ता. मदत म्हणून आपण बसतो, फरक अनामत (तात्पुरत्या नोंदीच्या) खात्याला टाकून ताळेबंद तयार करतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच ताळेबंदावर स्वतंत्र मत देतो. स्वतः लिहिलेल्या हिशेबाचा साक्षीदार स्वतःला होता येत नाही. तेरीज जुळत नसेल तर न जुळणारी तेरीज हाच पुरावा आहे. तिची प्रत घ्यावी, फरकाची रक्कम नोंदवावी आणि संस्थेला दुसऱ्या कोणाकडून तरी हिशेब पूर्ण करून आणण्यास लेखी सांगावे.

रोख मोजताना

रोख शिल्लक मोजण्यासाठी न कळवता आणि काउंटर उघडण्याच्या आधी जावे. संस्थेला एकापेक्षा जास्त शाखा असतील तर एकाच वेळी सर्वत्र माणसे पाठवावीत, नाहीतर एका शाखेतील नोटा रिक्षाने दुसऱ्या शाखेत पोचतात आणि दोन ठिकाणी मोजल्या जातात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आहेत की दोन्ही एकाच जुडग्यात आहेत, हे ती उघडली जात असतानाच दिसते, नंतर विचारून कळत नाही.

नोटा रोखपालांनी स्वतः मोजाव्यात. आपण समोर उभे राहून पाहावे आणि मूल्यवार तक्ता आपल्या हाताने लिहावा. लेखापरीक्षकाने एकट्याने नोटांना हात लावू नये. यात रोखपालांचे रक्षण आहे आणि आपलेही, कारण मागाहून पाचशेची एक नोट जरी कमी भरली तरी दोघांची अडचण होते. काउंटरचा ड्रॉवर, पिग्मी एजंटांनी आणलेली रोख, फाटक्या नोटांचे पाकीट, सुटी नाणी हे सर्व मोजून झाल्यावर तक्त्यावर वेळ लिहावी आणि ‘माझ्यासमोर मोजलेली संपूर्ण रोख मला परत मिळाली’ असे लिहून रोखपालांची सही घ्यावी. मग रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) पाहावी. मोजणीचा दिवस ३१ मार्चनंतरचा असेल तर मधल्या दिवसांची जमा वजा करून आणि नावे (दिलेली रक्कम) मिळवून मागे ३१ मार्चपर्यंत जावे.

एका संस्थेत रोजकीर्दीप्रमाणे शिल्लक ११ लाख ४० हजार होती आणि टेबलावर ७ लाख ९० हजार मोजले गेले. ड्रॉवरच्या तळाशी वहीच्या पानावर लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या होत्या. त्यांची बेरीज साडेतीन लाख भरत होती आणि प्रत्येकीवर एकेका पदाधिकाऱ्याची आद्याक्षरे होती. व्यवस्थापक अगदी शांतपणे म्हणाले, “साहेब, चहा घ्या. संध्याकाळी पैसे येतात, तेव्हा पुन्हा मोजू आणि एकच तक्ता करू.” पैसे संध्याकाळी खरोखर आले. मी ते मोजले आणि दुसरा तक्ता केला. पण पहिला तक्ता फाडला नाही आणि चिठ्ठ्यांच्या प्रतींवर रोखपालांची सही आधीच घेऊन ठेवली होती. पैसे परत आले ही वस्तुस्थिती अहवालात लिहिली, आणि सकाळी साडेनऊला ते नव्हते हीसुद्धा लिहिली. अशा वेळी ‘फरक नाही’ एवढेच लिहिण्याची गळ घातली जाते. तसे लिहिलेले वाक्य संध्याकाळपुरते खरे असते, आणि ठेवीदाराचे पैसे संस्थेने वर्षभर कसे सांभाळले याबाबत ते खोटे बोलते.

मोजणीइतकेच महत्त्व रोख शिलकेच्या सवयीला आहे. रोजच्या व्यवहाराला दोन-तीन लाख पुरत असताना महिनोन्‌महिने अठरा-वीस लाख हातात दिसत असतील, तर उपविधीतील (संस्थेच्या नियमावलीतील) रोख मर्यादा आणि रोखीच्या विम्याची रक्कम पाहावी आणि मगच विचारावे की एवढी रोख कशासाठी लागते.

बँकेकडून थेट खात्री

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मोठ्या कंपनीच्या गुंतागुंतीच्या हिशेबात नव्हे, तर विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या बँक शिलकेत ही फसवणूक झाली. पुढे २०११ मध्ये अमेरिकी नियामकांनी जो दोष दाखवला तो असा की बँकांकडून खात्री मागवण्याच्या कामावरचा ताबा लेखापरीक्षकांनी कंपनीच्या व्यवस्थापनाकडे जाऊ दिला होता. तिथेही प्रश्न पाकिटाचाच होता.

म्हणून पत्राचा मजकूर लेखापरीक्षकाने तयार करावा. संस्थेची सही त्यावर लागते, कारण ग्राहकाच्या परवानगीशिवाय बँक माहिती देत नाही. पण सही झाल्यावर पत्र पुन्हा संस्थेच्या टेबलावर राहू देऊ नये. ते स्वतः पोस्टात टाकावे, पावती फाइलला लावावी आणि बँकेचा पत्ता संस्थेने दिलेल्या लेटरहेडवरून न घेता बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. पत्रात आकडा भरून ‘हे बरोबर आहे का’ असे विचारण्यापेक्षा जागा कोरी सोडून ‘३१ मार्च रोजी या संस्थेच्या नावे असलेली सर्व खाती, ठेवी, त्यांवरील तारण किंवा बोजा, ओव्हरड्राफ्ट आणि वर्षभरात बंद झालेली खाती कळवावीत’ असे विचारावे. आकडा लिहून दिला की तो पुढे नुसता कॉपी होण्याचा धोका असतो. जागा कोरी ठेवली की कोणाला तरी खाते उघडून पाहावेच लागते.

उत्तर दोन आठवड्यांत आले नाही तर स्मरणपत्र पाठवावे. तरीही न आल्यास स्वतः शाखेत जावे आणि शाखाधिकाऱ्यांसमोर बसून शिल्लक पाहावी. व्हॉट्सॲपवर आलेले पीडीएफ उतारे हा सध्याचा मोठा सापळा आहे. असा उतारा कोणीही बदलू शकतो. संस्थेच्या संगणकावर बँकेच्या संकेतस्थळात आपल्या डोळ्यांदेखत लॉगिन करवून उतारा उतरवून घ्यावा, किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून तो थेट आपल्या पत्त्यावर मागवावा. मूळ ठेव पावती ‘बँकेत आहे’ असे सांगितले गेले तर ती बँकेत का आहे हे विचारायला संकोचू नये, कारण ठेव पावती बँकेपाशी असण्याचे सर्वांत साधे कारण ती तारण ठेवलेली असणे हे असते.

यादी कोणी दिली?

कर्जखाती निवडून तपासताना बहुतेक जण संस्थेने दिलेल्या कर्जदारांच्या यादीवर खुणा करत जातात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये जे उघड झाले त्यात ४४ मोठ्या कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली होती, आणि ती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नसून तपासणीसाठी दिलेल्या माहितीत होती. तपासणाऱ्याने यादीतील कितीही खाती निवडली तरी मूळ यादीच बनावट असेल तर निवड व्यर्थ जाते. म्हणून नमुना निवडण्याआधी यादीची बेरीज खतावणीशी आणि ताळेबंदातील कर्जाच्या आकड्याशी जुळवावी, यादी आपल्यासमोर प्रणालीतून काढून घ्यावी आणि मगच खाती निवडावीत. कोणती निवडली हे आदल्या दिवशी सांगू नये.

निवडताना मोठी कर्जे, संचालक व त्यांच्या नातलगांची कर्जे, एकाच पत्त्यावरची किंवा एकाच जामीनदाराची कर्जे आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिलेली कर्जे जरूर घ्यावीत. त्यात शेवटच्या गटाकडे मी सर्वांत जास्त वेळ देतो. ३० मार्चला थकीत खात्यात पूर्ण रक्कम जमा होते आणि त्याच दिवशी त्याच कुटुंबातील दुसऱ्याच्या नावे नवे कर्ज वाटले जाते, तेव्हा वसुली झालेली नसते, फक्त खाते बदललेले असते. जमा रोखीने की हस्तांतरणाने झाली, व्हाउचरवर कोणाची सही आहे, नव्या कर्जाचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे आणि १ ते १५ एप्रिल या काळात तीच रक्कम पुन्हा नावे पडली का, एवढे चार धागे ओढले की चित्र स्पष्ट होते.

जमीन तारण असेल तर कर्ज फाइलमधला सातबारा वाचून थांबू नये. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमी पोर्टलवरून पंधरा रुपयांत मिळतो. तो आपण स्वतः काढावा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात संस्थेचा बोजा (कर्जाची नोंद) चढला आहे का ते पाहावे. फाइलमधल्या उताऱ्यावर बोजा दिसतो आणि आज काढलेल्या उताऱ्यावर दिसत नाही असे आढळले तर फेरफार क्रमांकावरून तो कधी, कोणाच्या अर्जाने उतरला हे शोधावे. कधी कर्ज खरोखर फिटलेले असते आणि संस्थेची खतावणी अद्ययावत नसते. कधी उलटे असते. निष्कर्ष आधी काढून पुरावा शोधणे हाही नीतिभंगच आहे.

सोनेतारण

सोन्याची पाकिटे मोजून जुळवणे सोपे आहे, त्यामुळे तेवढेच केले जाते. पाकिटाच्या बाहेरच्या खुणा आतल्या सोन्याइतक्याच बोलक्या असतात. एकदा तीन वर्षांपूर्वीच्या कर्जाचे पाकीट हातात घेतले तर त्याचे कापड आणि लाखेचे सील नवेकोरे होते आणि सीलवर ज्या अधिकाऱ्याची सही होती, तो त्या शाखेत आदल्याच वर्षी बदलून आला होता. पाकीट मध्ये उघडले गेले होते हे नक्की. नूतनीकरणासाठी ते उघडले असेल तर तशी नोंद आणि कर्जदाराची सही असायला हवी होती, आणि ती नव्हती.

पाकीट उघडायचे असल्यास व्यवस्थापक, रोखपाल आणि सराफ यांच्या उपस्थितीत उघडावे. संस्थेचा नेहमीचा मूल्यांकनकार सराफ घेऊ नये, कारण आधी वजन व कस त्यानेच लिहून दिलेला असतो. गावाबाहेरचा, संस्थेशी व्यवहार नसलेला सराफ घ्यावा आणि त्याची फी कोण देणार हे आधीच लेखी ठरवावे. एकूण वजन, खडे-मोती वगळून निव्वळ वजन आणि कस या तिन्ही गोष्टी कर्जाच्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर पाकीट सर्वांच्या सह्यांनी पुन्हा बंद करून त्यावर तारीख घालावी. कर्जदाराच्या दागिन्यांविषयी जे दिसले ते त्या खोलीबाहेर जाऊ नये.

पिग्मी

दैनंदिन ठेवीत पुरावा संस्थेच्या कार्यालयात नसतो, तो ठेवीदाराच्या पासबुकात आणि मोबाइलवरच्या संदेशात असतो. एजंटनिहाय पाच-दहा ठेवीदार आपण निवडावेत आणि एजंटाला सोबत न घेता बाजारपेठेत जाऊन त्यांची पासबुके खतावणीच्या उताऱ्याशी ताडून पाहावीत. ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र दाखवावे, कामाचे स्वरूप दोन वाक्यांत सांगावे आणि तफावत दिसली तरी दुकानात उभे राहून त्यावर भाष्य करू नये. “काय हो, काही गडबड आहे का?” असे ठेवीदार विचारतोच. “नेहमीची तपासणी आहे” एवढे उत्तर पुरते आणि ते खरेही असते. लेखापरीक्षकाच्या तोंडून चहाच्या टपरीवर निसटलेल्या एका शब्दाने सकाळी संस्थेच्या दारात रांग लागू शकते, आणि ती रांग चांगल्या संस्थेलाही बुडवू शकते. गोपनीयता ही संचालकांसाठी केलेली मेहेरबानी नव्हे. सिद्ध न झालेल्या गोष्टीपासून ठेवीदाराचे रक्षण करणे हा तिचा हेतू आहे.

विचारणे आणि लिहून ठेवणे

माणसांना विचारणे हा पुराव्याचा एक मार्ग आहे, पण एकट्या तोंडी उत्तरावर काहीही उभे राहत नाही. रोखपालांना व्यवस्थापकांसमोर विचारू नये आणि ‘तुम्ही नियमाप्रमाणेच करता ना?’ असा प्रश्न तर कधीच विचारू नये, कारण त्याला एकच उत्तर असते. ‘दिवसअखेर रोख कमी भरली तर तुम्ही काय करता? शेवटचे असे कधी झाले होते?’ असे विचारून थांबावे. उत्तर त्याच दिवशी वहीत लिहावे आणि मग त्या तारखेची रोजकीर्द उघडून पाहावी. माणूस घाबरलेला असेल तर त्याला धीर द्यावा. त्याच्यावर आरोप करणे आपले काम नाही आणि त्याच्याकडून कबुली काढून घेणेही नाही.

कामाच्या कागदांत कोणी, कोणत्या तारखेला, कोणता मूळ दस्तऐवज पाहिला आणि त्यातून काय निघाले हे इतके स्पष्ट असावे की आपल्याला न ओळखणाऱ्या दुसऱ्या लेखापरीक्षकाला ते वाचून तीच वाट चालता यावी. लेखापरीक्षण मानक २३० नुसार अहवालाच्या तारखेपासून ६० दिवसांत फाइल लावून पूर्ण करणे अपेक्षित आहे आणि ती सात वर्षे जपून ठेवायची असते. एकदा लावलेली फाइल नंतर ‘नीटनेटकी’ करण्याच्या निमित्ताने बदलू नये. भर घालायची असेल तर तारीख आणि कारण लिहून घालावी. सर्व कागद संपल्यावर दिलेली माहिती पूर्ण व खरी असल्याचे लेखी निवेदन संचालक मंडळाकडून घ्यावे लागते. ते आवश्यक आहे, पण ते स्वतः न पाहिलेल्या गोष्टीची भरपाई करत नाही.

मत देताना

पुरावा मिळाला आणि आकडे चुकीचे निघाले ही एक परिस्थिती, आणि पुरावाच मिळू दिला नाही ही दुसरी. दोन्हींना एकच शब्द लावू नये. पहिल्यात चुकीच्या व्याप्तीनुसार सशर्त (अमुक बाब वगळता हिशेब योग्य) किंवा प्रतिकूल (हिशेब योग्य चित्र दाखवत नाहीत) मत येते. दुसऱ्यात सशर्त मत किंवा मत देण्यास नकार. ‘दिलेल्या माहिती व स्पष्टीकरणांवरून’ या छापील वाक्यामागे लपू नये. पुरेशी माहिती न घेता मत देणे आणि माहीत असलेली महत्त्वाची बाब अहवालात न सांगणे हे दोन्ही १९४९ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तन म्हणून नोंदलेले आहे. सनदी लेखापालाच्या अहवालावर १ जुलै २०१९ पासून १८ अंकी युडीआयएन (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आवश्यक आहे, त्यामुळे अहवाल खरोखर त्याच व्यक्तीने दिला आहे का हे ठेवीदारही तपासू शकतो.

गुन्हा घडल्याच्या निष्कर्षापर्यंत लेखापरीक्षक आला असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ चे पोटकलम ५-ब त्याला गप्प बसू देत नाही. अहवाल सादर केल्यापासून १५ दिवसांत सहकार खात्याच्या निबंधकांकडे विशेष अहवाल द्यावा लागतो आणि त्यांची लेखी परवानगी मिळाल्यावर प्राथमिक माहिती अहवाल स्वतः दाखल करावा लागतो. तसे न केल्यास लेखापरीक्षक अपात्र ठरू शकतो आणि त्याचे नाव नामतालिकेतून काढले जाऊ शकते. या टप्प्यावर फोन येतात, जुने स्नेही घरी येतात, ‘पैसे भरून टाकतो, विषय वाढवू नका’ असे सांगितले जाते. घरी आलेल्या माणसाचे आदरातिथ्य करावे, पण अहवालाविषयी जे बोलायचे ते कार्यालयात आणि लेखी. भरलेल्या पैशांची पावती विशेष अहवालाला जोडावी. तिच्यामुळे विशेष अहवाल टळत नाही.

अहवाल गेल्यावर कलम ८२ नुसार संस्थेने तीन महिन्यांत दोषदुरुस्ती करून निबंधकांना कळवायचे असते आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे असते. पुढच्या वर्षी काम आपल्याकडे असो वा दुसऱ्याकडे, सर्वांत आधी तो दोषदुरुस्ती अहवाल उघडावा. त्यात मुद्द्यामागून मुद्द्यापुढे ‘पूर्तता केली’ असे लिहिलेले असते. ज्या मुद्द्यापुढे त्या दोन शब्दांशिवाय तारीख, व्हाउचर क्रमांक किंवा ठराव क्रमांक नसेल, तो नव्या अहवालात पुन्हा पहिल्या पानावर घ्यावा.